लेखनक्रिया, लिपिसंकेत आणि दृष्टिबाधित वाचक : संगणकीय मराठी संहितेची चिकित्सा

प्रस्तावना :

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या ‘दासबोधा’तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. अक्षर वाटोळे, सुटे व ठसठशीत असावे, ओळी सरळ असाव्यात, आरंभीचे अक्षर अखेरपर्यंत सारखे राहावे, अशा सूचना त्यात येतात. सुलेखनाचे नियम म्हणून त्यांचा उल्लेख होतो. परंतु त्याच समासातील एका सूचनेकडे वेगळ्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तरुणपणी काढलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे, असे समर्थ सांगतात. वाचणाऱ्याची दृष्टी मंदावेल हे गृहीत धरून लिहिणाऱ्याने आधीच काळजी घ्यावी, हा या सूचनेचा अर्थ. वाचनीयतेचा भार येथे लेखकावर आहे, वाचकावर नाही. हाच निकष संगणकावरील मराठी संहितेला लावला असता काय दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :

दृष्टिबाधित व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडर या आज्ञावलीच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर ही आज्ञावली आवाजात किंवा ब्रेल पट्टीवर उमटविते. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी सुरू केलेली एनव्हीडीए ही आज्ञावली विनामूल्य असून तिच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचासंश्लेषकात मराठीचीही सोय आहे. महागड्या आज्ञावलीची सबब त्यामुळे पूर्वीइतकी सबळ राहिलेली नाही. तरीही मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील एखाद्या अंध विद्यार्थिनीने बी.ए.साठी मराठी विषय घेतला आणि प्राध्यापकांनी तयार केलेली टिपणे तिच्या संगणकावर आली, तर ती वाचता येतीलच असे नाही. अडथळा यंत्रात नसून संहितेत असतो.

कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकलिखित केला की डोळ्यांना देवनागरी अक्षरे दिसतात. संगणकात मात्र ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरेच साठविली जातात. स्क्रीन रीडर फाँटचा आकार पाहत नाही, साठविलेला संकेत वाचतो. त्यामुळे त्या विद्यार्थिनीच्या कानावर मराठीऐवजी अर्थहीन रोमन अक्षरांची माळ पडते. एकेका कंपनीच्या फाँटची संकेतरचनाही निराळी. पान छापून डोळस वाचकाच्या हाती देणे एवढाच हेतू असताना ही व्यवस्था चालून गेली. पानाचे छायाचित्र काढून किंवा ते स्कॅन करून पाठविले तर तेवढेही उरत नाही; स्क्रीन रीडरच्या लेखी ते पान कोरेच असते.

या दोषाचे मूळ अधिक खोल आहे. जुने फाँट अक्षराच्या दृश्य रूपावर उभे आहेत. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, म्हणून ती व्यंजनाआधी टंकलिखित करायची. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो त्या अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, व्यंजन आधी आणि वेलांटी नंतर. विशेष म्हणजे १९५१ साली स्वीकारल्या गेलेल्या भारती ब्रेलमध्येही स्वरचिन्ह व्यंजनानंतरच येते. देवनागरीचा ध्वन्यात्मक क्रम बोटांनी वाचणाऱ्यांच्या लिपीत कितीतरी आधी रूढ झाला होता. छपाईच्या संगणकांनी मात्र डोळ्यांचा क्रम उचलला. युनिकोडकडे जाणे ही अंध वाचकावर केलेली मेहेरबानी आहे, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.

तथापि युनिकोडने सर्व प्रश्न सुटतात असे नाही, आणि वाङ्मयाच्या अध्यापकाला खरा रस येथेच वाटावा. ‘जात’ हा शब्द पाहा. जातिवाचक नामात ज तालव्य, ‘तो जात आहे’ यात दंततालव्य. लिपीत भेद नाही. डोळस वाचक संदर्भाने उच्चार ठरवितो. नियमांवर चालणाऱ्या यंत्राला हा संदर्भ सहज गवसत नाही. जुन्या संहितांत अडचण वाढते. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले, परंतु ‘दासबोधा’च्या जुन्या वळणाच्या आवृत्त्यांत ते आहेत. डोळस वाचक सवयीने ते गिळतो, यंत्र त्यांचा अनुनासिक उच्चार करू शकते. ओवीच्या पारायणात अंत्य अकार उच्चारला जातो, गद्यात तो लोपतो. यंत्राला गद्य-पद्याचा हा विवेक नाही. त्यामुळे ऐकलेली संहिता ही एका परक्या पाठकाने केलेली वाचना ठरते. ब्रेल पट्टीवर मात्र अनुस्वार अक्षररूपाने बोटाखाली येतो आणि त्याचे काय करायचे हे वाचक स्वतः ठरवितो. आवाज स्वस्त झाला म्हणून ब्रेल कालबाह्य झाले, हा सोयीचा समज वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला परवडणारा नाही.

कायद्याची बाजू भक्कम आहे. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रत तयार करण्याची मुभा दिली. मराकेश कराराला भारताने २०१४ मध्ये मान्यता दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता ही जीविताच्या हक्काचा भाग मानली. परीक्षेत लेखनिक मिळतो. वर्षभर वाचायचे काय, याची विचारणा मात्र क्वचितच होते.

महाविद्यालयीन नियतकालिकांपुरते बोलायचे तर प्रश्न बराच घरगुती आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तक आज्ञावली उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार माणसाने तपासावे लागतात, एवढेच कष्ट. त्यासाठी मूळ फाइल हाती हवी. छापील अंक ग्रंथालयात दाखल होतो आणि फाइल डीटीपी चालकाच्या संगणकावर राहते. तो संगणक मोडीत निघाला की त्या अंकातील लेख अंध वाचकासाठी पुन्हा पहिल्या अक्षरापासून टंकलिखित करावे लागतात.