फुस्ता : एका डच कोरीवचित्राची उलटतपासणी

यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन या डच प्रवाशाचा ‘इटिनेरारिओ’ 1596 मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातली ताम्रपटचित्रे व्हान डोटेकुम बंधूंनी कोरली. एका चित्रात मलबारी फुस्ता आहे : लांबट, बुटके, वल्ह्यांवर चालणारे गलबत. मराठा आरमारावरच्या लेखाला शोभा म्हणून असे चित्र जोडण्याचा मोह सहज होतो. त्याला माझी हरकत आहे.

लिन्सखोटेन 1583 मध्ये गोव्यात आला आणि पाचेक वर्षे आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. ही गलबते त्याने पाहिली होती. कोरणाऱ्यांसमोर मात्र त्याची रेखाटने होती. हे दोन हात चित्रात वेगळे ओळखू येतात. नावेचा बांधा पटतो, पण माणसांची पिळदार शरीरे युरोपीय चित्रशाळेतली वाटतात. तेव्हा नावेची साक्ष घ्यावी, वल्हेकऱ्यांची जपूनच.

खरे मोल चित्राखालच्या मजकुराला आहे. पोर्तुगीज आणि त्यांचे मलबारी शत्रू, दोघेही फुस्ता लढाईला आणि मालवाहतुकीला वापरतात, असे तो सांगतो. म्हणजे नुसत्या आकारावरून नाव कोणाची, ती लढायला निघाली की मिरी भरून, हे ठरत नाही. मग तिच्यावर भगवा आपण कुठल्या आधारावर चढवायचा? शिवाजी महाराजांचे आरमार उभे राहिले ते या चित्रानंतर साठेक वर्षांनी. सभासदाच्या बखरीत गुराबा, गलबते, शिबाडे अशी नावे आहेत, आकृत्या नाहीत. इकडे नुसती नावे, तिकडे नुसते चित्र. दोन्ही जोडून टाकले की पुरावा तयार झाल्यासारखा वाटतो, इतकेच.

समुद्रापासून दूर धाराशिवात बसून ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारेल. गोवा 1510 पर्यंत आदिलशाहीचा होता. लिन्सखोटेन गोव्यात असताना विजापूरच्या तख्तावर दुसरा इब्राहिम आदिलशाह होता, आणि नळदुर्गचा पाणीमहाल 1613 मध्ये त्याच्याच काळात बांधला गेला. पोर्तुगीज या घराण्याच्या सुलतानाला ‘हिदालकांव’ म्हणत.

शिवाय हे पुस्तक केवळ प्रवासवर्णन नव्हते. पोर्तुगिजांनी जपलेल्या सागरी वाटा त्याने उघड केल्या. त्यातल्या नौकानयनाच्या भागाची छापील पाने घेऊन 1595 मध्ये हाउटमनची चार जहाजे पूर्वेकडे निघाली. 1637 मध्ये आदिलशाही मुलखातल्या वेंगुर्ल्यात डचांची वखार उभी राहिली आणि तिथून त्यांनी गोव्याच्या नाकेबंदीला रसद पुरवली.