पाचर नीट बसते तेव्हा

भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत आजही पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. सुट्टी उत्पादनाला, मेंटेनन्सचा तोच खरा कामाचा दिवस. बॉयलर विझलेला असतो, लाइनमधला दाब उतरलेला असतो आणि एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही तो व्हॉल्व्ह बोल्ट सोडून खाली घेतला जातो. दुरुस्तीच्या शेडमध्ये तो येतो तेव्हा चाकीला तारेनं एक कार्ड बांधलेलं असतं आणि त्यावर तक्रार एकाच शब्दात: ‘पासिंग’. चाकी शेवटच्या आट्यापर्यंत आवळली तरी आतून पाणी किंवा वाफ जातेच आहे.

इथून पुढे फिटर जे करतो ते जाणत्या समीक्षकाचंच काम आहे, असं मला वाटत आलं आहे. समोर एक रचना आहे, ती कुठंतरी खोटी पडते आहे, आणि कुठं व का ते तिच्याच अंगावरच्या खुणांवरून शोधायचं आहे. म्हणून कवितेचं करतात तसं रसग्रहण इथं एका साध्या गेट व्हॉल्व्हचं करायचं ठरवलं आहे, तो उघडून टेबलावर ठेवलेला असताना.

आधी घडण पाहू. ओतीव बॉडी, तिच्या आत समोरासमोर दोन सीट रिंगा, त्यांच्यामध्ये वरून उतरणारी पाचर, तिला धरणारा आट्यांचा स्पिंडल, वर झाकणासारखं बॉनेट, स्पिंडलभोवतीची गळती अडवणारी ग्लँड आणि चाकी. एवढाच संसार. रस्त्याखालच्या पाण्याच्या नळांसाठी दोन्ही बाजूंनी टेकणारी ही पाचरीची झडप जेम्स नॅस्मिथ या स्कॉटिश यंत्रकारानं १८३९ साली काढली. नॅस्मिथचं नाव निघतं ते त्याच्या वाफेवरच्या हातोड्यासाठी. तो हातोडा आता संग्रहालयात बघावा लागतो. ही झडप मात्र आजही गावोगावच्या रस्त्यांखाली कामावर आहे. माझ्या मते नॅस्मिथचं मोठं काम हेच.

सगळी खुबी उतारात आहे. पाचरीची प्रत्येक बाजू उभ्या रेषेपासून साधारण ५ अंश कललेली असते आणि समोरची सीटही तितकीच. चाकी फिरते, जोर सरळ खाली जातो, आणि पाचर तो कित्येक पटींनी वाढवून आडवा, दोन्ही सीटवर देते. त्यात पाण्याचा भार मिळतो. ३०० मिलिमीटर व्यासाचा व्हॉल्व्ह बंद आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला १० किलोचा दाब आहे असं धरलं, तर पाचरीवर सात टनांहून जास्त भार येतो. हा भार पाचरीला पलीकडच्या सीटवर दाबून धरतो. ज्याला अडवायचं त्याच्याच ताकदीनं वाट घट्ट बंद होते. यंत्रांमध्ये इतका देखणा विचार मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

आता खुणा. सीट पुसून तिच्यावर टॉर्च तिरका धरला की व्हॉल्व्ह बोलू लागतो. सीटचा खालचा भाग आणि पाचरीची खालची कड खाल्लेली असेल, तर समजावं की प्रवाह कमी करायला हा व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने अर्धवट उघडा ठेवला होता. गेट व्हॉल्व्ह त्यासाठी नाहीच. तो पूर्ण उघडा तरी असावा, नाहीतर पूर्ण बंद. सीटच्या आतून बाहेर सुतासारखी बारीक चर गेली असेल, तर वाफ एका केसाएवढ्या फटीतून सतत जात राहिली आणि तिनं पोलाद कापलं. उभा ओरखडा म्हणजे लाइनमध्ये राहिलेला वेल्डिंगचा खडा पाचरीबरोबर खाली घासत गेला. एकाच बाजूचा मार्गदर्शक खाचा झिजला असेल, तर व्हॉल्व्ह आडवा बसवला होता आणि पाचर जन्मभर एका कुशीवर लोळत राहिली. स्पिंडल वाकलेला दिसला, तर कुणीतरी चाकीत पाइप घालून आवळलं आहे. जुने फिटर हेल्परला सांगतात, “बाळा, आवळून पासिंग थांबत नसतं. दोष शोध आधी.” व्हॉल्व्हच्या पोटात त्या कारखान्याची शिस्त आणि बेशिस्त दोन्ही लिहिलेल्या असतात, आणि त्या इतक्या स्पष्ट असतात की लॉगबुकात काय लिहिलं आहे हे विचारायचीही गरज पडत नाही.

या साऱ्या कामातला सर्वांत सुंदर भाग निळ्या रंगाचा. पाचरीच्या चेहऱ्यावर प्रशियन ब्ल्यूचं बोट फिरवतात, इतकं विरळ की खालचा धातू दिसत राहावा. दाट लावला तर तो फटीतही भरतो आणि नसलेली भेट असल्यासारखी दाखवतो. पाचर बॉडीत सरळ सोडायची, हलकी दाबायची, सरळच वर काढायची. आत डोकावलं की सीटवर निळी रेघ उठलेली दिसते. ती अखंड वर्तुळ असेल तर पाचर आणि सीट सगळीकडे भेटल्या. पहिल्या खेपेला तसं सहसा होत नाही. चार ते सहाच्या काट्यांमध्ये कोरी जागा राहते, कुठं रेघ बारीक होत होत तुटते, कुठं एखादा गडद ठिपका उंचवटा दाखवतो. मग पाचर बिडाच्या सपाट प्लेटवर येते. ग्राइंडिंग पेस्ट, आधी जाड, मग बारीक. इंग्रजी आठाच्या आकड्याच्या वळणानं घासत जायचं आणि थोड्या थोड्या वेळानं पाचर पाव वळण फिरवून धरायची, कारण प्रत्येकाच्या हाताचा जोर एका बाजूला जास्त असतो आणि तीच बाजू जास्त उतरते. बॉडीतल्या सीटवर त्याच मापाची चकती फिरते. सुरुवातीची खरखर हळूहळू मऊ होते. कान तयार असलेला माणूस त्या आवाजावरून हात थांबवतो. रॉकेलनं पुसायचं, पुन्हा निळं, पुन्हा बघायचं. घाई केलेलं वर्तुळ इथं लगेच उघडं पडतं.

आणि इथंच मूळ रचनाकाराचा मोठेपणा कळतो. पाचरीच्या दोन्ही बाजूंचा फक्त ०.१ मिलिमीटर थर घासून गेला, तरी ५ अंशांच्या उतारामुळे ती आपल्या जागी पोचायला जवळजवळ १.१५ मिलिमीटर जास्त खाली उतरते. प्रत्येक दुरुस्तीबरोबर ती अशी खाली खाली जाणार. म्हणून चांगल्या बनावटीच्या नव्या व्हॉल्व्हमध्ये पाचर मुद्दाम थोडी वर बसेल अशी ठेवतात. झिजायला आणि दुरुस्त व्हायला तिला खाली वाव असतो. वीस-तीस वर्षांनी कुठल्या शेडमध्ये कोण घासणार आहे, याची सोय ओतकामाच्या आधीच नकाशात केलेली असते. अनोळखी कारागिरासाठी राखून ठेवलेली ही जागा मला या रचनेतली सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते. ती संपली, पाचरीचा चेहरा सीटच्या खाली गेला, की मग मात्र चेहऱ्यावर नवा धातू चढवून पुन्हा मशिनिंग करण्याला पर्याय नाही.

वाफेच्या लाइनवर आणखी एक गंमत आहे. तापलेला असताना घट्ट बंद केलेला व्हॉल्व्ह थंड होऊ लागला की बॉडी आकसते आणि पाचर तिच्यात चिमटली जाते. दुसऱ्या दिवशी दोन माणसं लावूनही चाकी हलत नाही. उपाय असा की पाचरीच्या कडेनं सभोवार खोल खाच मारायची, म्हणजे दोन चेहरे मधल्या दांड्यावर किंचित लवतात आणि बॉडीचं आकसणं पोटात घेतात. चिंचवडला थरमॅक्सचे बॉयलर, कासारवाडीला फोर्ब्स मार्शलची वाफेची उपकरणं. या पट्ट्यात वाफ हा जुना आणि जाणकारीचा विषय आहे, आणि लवणारी पाचर म्हटलं की समोरच्याला वेगळं काही समजवावं लागत नाही.

ग्लँडबद्दल थोडक्यात. स्पिंडलभोवतीची जुनी दोरी हुकानं उकरून तळापर्यंत काढायची, वरवर नवी टाकायची नाही. पूर्वी ॲस्बेस्टॉसची दोरी असे, आता ग्राफाइटची. वेढे वेगवेगळे कापायचे, टोकं तिरकी, आणि एका वेढ्याचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. दोन्ही नट आळीपाळीनं, थोडे थोडे. एका बाजूनं आवळलेली ग्लँड स्पिंडलला चरे पाडते. बॉल आणि बटरफ्लाय व्हॉल्व्हचं तर त्याहूनही थोडक्यात: सीट टेफ्लॉनची किंवा रबराची, खराब झाली की बदलायची. ते उपयोगी आहेत, स्वस्त आहेत, जागा कमी घेतात. पण वाचण्यासारखं त्यांच्यात थोडं उरतं.

परीक्षा टेस्ट बेंचवर. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं ५९८ क्रमांकाचं मानक बॉडीला नेमून दिलेल्या दाबाच्या दीडपट आणि सीटला १.१ पट दाब द्यायला सांगतं. त्यातला थेंबांचा हिशोब मला फार आवडतो. धातूची सीट असेल तर २ इंचांपर्यंतच्या व्हॉल्व्हला एकही थेंब माफ नाही. मानकाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अडीच ते ६ इंचांना मिनिटाला १२ थेंब होते, ८ ते १२ इंचांना २०. धातूवर धातू टेकवून पाणी अडवणं किती अवघड आहे याची ही प्रामाणिक कबुली आहे, आणि मर्यादाही. घड्याळ लावून, नळीच्या तोंडाशी बसून थेंब मोजणाऱ्या माणसाचं लक्ष जराही ढळलेलं चालत नाही.

शेडबाहेर पडून रस्त्यावर आलं की हीच पाचर जमिनीखाली स्लुइस व्हॉल्व्ह होऊन भेटते. पवनेचं पाणी रावेतला उचलायचं, निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध करायचं आणि मग वस्त्यांना सोडायचं, अशी पिंपरी-चिंचवडची व्यवस्था. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी सुरू झालं. बातम्यांमध्ये टंचाईची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण व्हॉल्व्हच्या बाजूनं या निर्णयाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. एरवी बराच काळ उघडी राहू शकणारी पाचर रोज या वस्तीला उघडायची, त्या वस्तीला बंद करायची, अशी राबू लागते. लाइन रिकामी होते, हवा शिरते, गाळ बसतो. जुन्या पद्धतीच्या स्लुइस व्हॉल्व्हला तळाशी पाचर बसण्यासाठी खाच असते आणि बारीक वाळू नेमकी तिथं साचते. मग आटे पूर्ण झाले तरी पाचर तळाला टेकत नाही. व्हॉल्व्हमन लांब दांड्याची टी आकाराची चावी लावून आटे मोजतो आणि नेहमीपेक्षा चार आटे आधी चावी अडली की ओळखतो की खाली खडा आहे. तो पाचर पुन्हा थोडी उचलतो, पाण्याच्या झोतानं खाच धुऊ देतो, पुन्हा उतरवतो. डोळ्यांना काही दिसत नसताना, तीन-चार फूट लोखंडी दांड्यातून हाताला कळलेलं हे वाचन आहे. रबर चढवलेली पाचर आणि सपाट तळ असलेले नवे व्हॉल्व्ह याच दुखण्यावर निघाले. अशा शहरात ते बसवावेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

बंद व्हॉल्व्ह बंद आहे हे माहीत असणं हेही देखभालीतच येतं. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात मुख्य पाणीपुरवठा थांबला आणि आणीबाणीचे पंप आपोआप सुरू झाले. पण त्यांच्या वाटेवरचे दोन व्हॉल्व्ह बंद होते. आठ मिनिटं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. नियंत्रणकक्षातल्या त्यांच्या दोन दिव्यांपैकी एकावर देखभालीचं कार्ड लोंबत होतं. व्हॉल्व्ह धडधाकट होते. त्यांच्या स्थितीची नोंद ठेवण्यात माणसं कमी पडली. चाकणच्या मोठ्या वाहन कारखान्यांमध्ये काम सुरू करण्याआधी चाकीला साखळी-कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्यानं स्वतःच्या खिशात ठेवायची पद्धत रुळली आहे. भोसरीतल्या लहान शेडमध्येही ती हवी. साखळी आणि कुलपाला असा किती खर्च येतो?

कारखान्यांच्या मालकांना माझी विनंती आहे. ६ इंच आणि त्याहून मोठ्या ओतीव पोलादी व्हॉल्व्हची बॉडी सहजासहजी मरत नाही. पासिंग आहे म्हणून ती भंगारात घालू नका. सीट वाचता येणारा, निळं लावून थांबू शकणारा फिटर जवळ ठेवा, त्याच्या हाताखाली दोन मुलं द्या आणि त्याला वेळ द्या. वर्षातून दोनदा प्रत्येक व्हॉल्व्ह फिरवून त्याची नोंद करा, अग्निशमनाच्या लाइनवरचे आधी. वर्षानुवर्षं न फिरलेला व्हॉल्व्ह आग लागलेल्या दिवशी फिरेल असं धरून चालू नका.

आणि घरी बसून हे वाचणाऱ्यांना: गच्चीवरच्या टाकीखाली तुमचाही एक गनमेटलचा गेट व्हॉल्व्ह आहे. तो आज पूर्ण बंद करून पाहा, खाली एखादा नळ सोडून पाणी खरंच थांबतं का ते बघा, मग पूर्ण उघडा आणि पाव आटा मागे घ्या. चाकी हललीच नाही, तर पाना लावून जोर करू नका. टाकी रिकामी असेल त्या दिवशी प्लंबरला बोलवा.