अंतर भागिले वेग : एवढ्यावर भागत नाही

दोन विमानतळांची नावे दिली की त्यांच्यामधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी साधने आता मोबाइलवर सहज मिळतात. वर्गात ती वापरण्यापूर्वी थोडी तपासून पाहू.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विचारले, तर उत्तर येते सुमारे 12,400 कि.मी. हे अंतर बरोबर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो सैबेरिया, आर्क्टिक महासागर आणि अलास्का यांवरून जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे उमगत नाही. तेवढ्यापुरते या साधनांचे आम्ही स्वागतच करतो.

आमची तक्रार आहे ती पुढच्या ओळीबद्दल. अंतराला ताशी 800 किंवा 900 कि.मी. अशा ठरावीक वेगाने भागायचे, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, की झाला प्रवासाचा वेळ! या हिशेबाने जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो आणि लांबच्या वाटेने नेहमी जास्तच लागतो.

प्रत्यक्षात काय घडले पाहा. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे 13,900 कि.मी.ची. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेले. वाट झाली सुमारे 15,300 कि.मी., म्हणजे 1,400 कि.मी. जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर पोचले! भागाकार करून पाहा : सरासरी वेग ताशी सुमारे 1,055 कि.मी. येतो. हवेतून ताशी 900 कि.मी.च्या आसपास जाणाऱ्या विमानाला वरचा वेग कोणी दिला? वाऱ्याने. मध्य अक्षांशांत, साधारण 10 कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात.

‘पृथ्वी खाली फिरते म्हणून’ असे उत्तर वर्गात हमखास येईल. पण वातावरणही पृथ्वीबरोबर फिरत असते. तसे नसते, तर फायदा पश्चिमेकडे जाणाऱ्याला झाला असता, कारण मुक्कामाचे ठिकाणच त्याच्याकडे सरकत आले असते. या वाऱ्यांची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे. संबंध आहे तो असा, वाऱ्यामार्फत.

तेव्हा या साधनांनी वेळेशेजारी ‘वारा धरलेला नाही’ एवढे तरी छापायला हवे. ते होईपर्यंत मुंबई–लंडनचे दोन्ही दिशांचे वेळापत्रक वर्गात न्या. त्यातल्या वेळा स्थानिक असतात, म्हणून आधी घड्याळांतला फरक काढायला लावा. मग जाण्यायेण्याचे तास मोजू द्या. मुलांचे उत्तर साधनाच्या उत्तराशी जुळले नाही, म्हणून लगेच लाल रेघ मारू नका. चूक मुलांचीच असेल असे नाही.