चोरखमारा येथील निगेटिव्हांच्या घरगुती नकला : एक परीक्षण

जुन्या कागदांच्या नकला कशा कराव्यात ह्याविषयी आपल्या संशोधकांत पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. परंतु छायाचित्रांच्या निगेटिव्हांस तोच न्याय कोणी लाविलेला आमच्या पाहण्यात नाही. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या अरण्यालगत वसलेल्या चोरखमारा गावच्या एका गृहस्थांनी आपल्या घरच्या पत्र्याच्या डब्यांतील निगेटिव्हांच्या नकला स्कॅनर यंत्रावर स्वतः केल्या आणि त्या टिपणांसह आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविल्या. तलावाची पाळ, धानाची रोवणी, दिवाळीनंतरची मंडई आणि दंडारीचे सोंगाडे असे विषय त्यांत आले आहेत. झाडीपट्टीच्या इतिहासास असे साधन दुर्मिळ होय. म्हणूनच त्याचे परीक्षण स्नेहाने, परंतु भीड न धरता, करणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम गुण सांगतो. कागदासाठी केलेल्या साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह उतरत नाही. झाकणातून प्रकाश पाडणारे यंत्र लागते, आणि संग्राहकांनी तेच योजिले. ३५ मिलिमीटर फितीवरील चित्र २४ × ३६ मिलिमीटरचे असते. इंचास २४०० बिंदू घेतले असता त्याचे सुमारे ७७ लक्ष बिंदू होतात. घरगुती यंत्रास एवढे प्रमाण पुरेसे आहे. त्याहून मोठे आकडे विक्रेते सांगतात, पण त्या प्रमाणात तपशील वाढतोच असे नाही. शिवाय गावातील वृद्धांस चित्रे दाखवून त्यांनी माणसांची नावे लिहून घेतली. हे काम दहा वर्षांनी करू म्हटले तर नावे सांगणारे कोठून आणावयाचे?

आता दोष. यंत्राने प्रत्येक चित्राच्या कडा आपोआप कापल्या आहेत. फितीच्या कडेवर उत्पादकाचे नाव, फितीचा प्रकार आणि चित्राचा अनुक्रम छापलेला असतो. पोथीची पुष्पिका व पत्रांक कापून टाकून केवळ श्लोक उतरविणाऱ्या लेखकास आपण काय म्हणू? कडा राहिल्या असत्या तर कोणते चित्र कोणत्या आधी घेतले हे तरी कळते. त्याहून मोठा अनर्थ ह्यामुळेच घडला आहे. तलावाच्या एका चित्रावर संग्राहकांचे टिपण असे आहे की, १९२३ साली झालेल्या ह्या तलावाचा सांडवा पूर्वी पाळीच्या दुसऱ्या टोकास असावा व मागाहून हलविला असावा. चित्र पाहता तसे दिसते खरे. परंतु त्याच चित्रात उभ्या असलेल्या तिघा पुरुषांच्या सदऱ्यांकडे आम्ही भिंग लावून पाहिले. पुरुषी सदऱ्याची डावी पट्टी उजवीवर येते; येथे तिघांचीही उजवी पट्टी डावीवर आलेली आहे. तिघेही उलटे सदरे शिववून घेतील हे संभवत नाही. निगेटिव्ह यंत्रात पालथी पडली, एवढाच त्याचा अर्थ. सांडवा हलला नाही, चित्र उलटले. फितीच्या कडेची अक्षरे सुलट वाचता आली म्हणजे चित्र सुलट समजावे, ही कसोटी कडा कापल्याने हातची गेली. ते टिपण तसेच छापले गेले असते, तर पुढील लेखकाने त्याचा आधार दिला असता आणि न झालेली घटना गावाच्या इतिहासात कायमची बसली असती.

दुसरा दोष शुद्धीकरणाचा. संग्राहकांनी धूळ व ओरखडे काढण्याची यांत्रिक सोय सर्वत्र वापरली आहे. रंगीत फितीतून अवरक्त किरण आरपार जातात व धुळीशी अडतात. त्यावरून यंत्र धूळ ओळखते. कृष्णधवल फितीतील चांदी हे किरण स्वतःच अडविते, म्हणून तेथे ही युक्ती चालत नाही. केवळ लहान ठिपका दिसला की पुसावा असा तर्क उरतो. ह्या तर्काचे भय किती, ते एका उदाहरणाने सांगतो. नारायण विनायक विरकर ह्यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेतील भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या. खूण म्हणजे भिंतीवरील लहान ठिपकाच. अशा चित्रावरून यंत्राचा हात फिरला, तर धुळीबरोबर साक्षही पुसली जाईल.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली आरंभिली जाऊन १९६६ साली पुरी झाली. तिने घालून दिलेला दंडक असा की, संपादकाने पाठ निवडावा, पण टाकलेला पाठ तळटीपेत ठेवावा. येथेही तेच करावे. पहिली नकल कडांसह, धूळ न काढता, १६ बिटांच्या टिफ स्वरूपात ठेवावी. तीत करड्या रंगाच्या ६५,५३६ पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये २५६. सुधारणा दुसऱ्या नकलेवर कराव्यात व काय सुधारले ते लिहावे.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. काही फितींस शिरक्याचा वास येऊ लागल्यामुळे, नकला झाल्या आहेत तर त्या जाळून टाकाव्यात काय, असे संग्राहक विचारतात. आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. तो वास ॲसिटेट फीत कुजत असल्याचे लक्षण आहे. अशा फिती इतरांपासून वेगळ्या काढून कागदी पाकिटांत, कोरड्या व शक्य तितक्या थंड जागी ठेवाव्यात, आणि त्यांच्या नकला प्रथम पुन्हा कराव्यात. जुनी नायट्रेट फीत आढळल्यास ती घरात न ठेवता जाणत्या संग्रहालयाचा सल्ला घ्यावा, कारण ती भयंकर वेगाने पेटते.

हे आम्ही अनुभवाने लिहितो. तरुणपणी आम्ही एका संस्कृत पोथीची नकल केली आणि व्याकरणाच्या अभिमानाने वाटेल तेथे पाठ शुद्ध केले. मूळ पोथी धन्यास परत गेली व पुढे वाळवीने खाल्ली. आज आमची नकल तेवढी उरली आहे. तीत पोथीचे शब्द कोणते व आमचे कोणते, हे आता आम्हांसही सांगता येत नाही. चोरखमाऱ्याच्या गृहस्थांची मूळ प्रत अद्याप डब्यात आहे. त्यांनी कडांसह नव्या नकला कराव्यात. त्या येताच त्यांचा परामर्श ह्याच पृष्ठांवर आनंदाने घेऊ.