गुळवेलीची बाटली आणि आप्तवाक्य



आज बोलायचं आहे ते नैसर्गिक औषधांवरच्या सरकारी देखरेखीविषयी. आयुर्वेद खरा की खोटा, हा आजचा प्रश्न नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या प्रश्नावर दोन तट पडतात आणि दोघेही जसे आले तसेच घरी जातात. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. दुकानातून मी एक बाटली विकत घेतो, तेव्हा तिच्यावर जे छापलं आहे ते कुणी तपासलेलं असतं? आणि जे छापायला हवं होतं पण छापलेलं नाही, त्याचा जाब कुणाला विचारायचा?

उदाहरण गुळवेलीचं घेऊ. आपल्याकडे ती आंब्यावर, कडुनिंबावर चढलेली दिसते. तापात तिचा काढा देणारी घरं रत्नागिरीत अजूनही आहेत. कोविडच्या काळात ती घरोघर पोचली. ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्र सरकारने आयुर्वेद आणि योगावर आधारलेली उपचार-नियमावली जाहीर केली, तिच्यात गुळवेल होती. त्याच सुमारास, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर २०२०मध्ये, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. यकृताला इजा झालेली, आणि सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. २०२१मध्ये त्यांनी हे शोधनियतकालिकात मांडलं.

आयुष मंत्रालयाचं उत्तर लगेच आलं: हा निष्कर्ष दिशाभूल करणारा आहे, रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे तपासलेलंच नाही, गुळवेलीसारखी दिसणारी तिच्याच कुळातली दुसरी वेल असू शकेल. पुढे देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यानेही बोट गुळवेलीकडेच दाखवलं. मंत्रालयाची भूमिका मात्र गुळवेल सुरक्षित आहे अशीच राहिली.

आता मी तर्कशास्त्राचा माणूस. वैद्यकातला वाद वैद्यांनी आणि डॉक्टरांनी सोडवावा. पण मंत्रालयाचा युक्तिवाद घटकाभर पूर्ण मान्य करून पाहू. समजा, रुग्णांनी घेतली ती गुळवेल नव्हतीच. मग त्यातून काय सिद्ध होतं? गुळवेल निर्दोष ठरते, कबूल. पण गुळवेल म्हणून लोकांच्या पोटात भलतंच काही जाऊ शकतं, हेही त्याच वाक्यातून सिद्ध होतं. आणि ते जाऊ नये, हे पाहण्याचं काम कुणाचं? बचावासाठी उभा केलेला साक्षीदार फिर्यादीच्या बाजूने बोलू लागतो, तो असा.

आता कायदा पाहू. १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आपल्याला ठाऊक असतो तो इंग्रजी औषधांसाठी. त्यात आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी वेगळं प्रकरण आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत ग्रंथांची यादी आहे: चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, शार्ङ्गधर, भावप्रकाश आणि इतर बरेच. या ग्रंथांतल्या पाठाप्रमाणे औषध बनवलं, आणि त्यांत सांगितलेल्याच रोगासाठी ते विकायचं असलं, की २०१०पासून लागू असलेल्या नियम १५८-ब नुसार परवान्यासाठी सुरक्षिततेची चाचणी लागत नाही. परिणामकारकतेसाठी ग्रंथाचा आधार पुरतो.

आमच्या भाषेत याला शब्दप्रमाण म्हणतात. आप्ताने, म्हणजे विश्वासू जाणकाराने सांगितलं म्हणून ते खरं. शब्दप्रमाण टाकाऊ नाही. आपलं निम्मं ज्ञान तसंच आलेलं असतं. पण ज्या चरकाचं नाव यादीत आहे, तो एवढ्यावर थांबत नाही. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चार प्रमाणं तो मानतो. युक्ती म्हणजे अनेक कारणांचा मेळ घालून परिणाम ओळखणं. हा रुग्ण, हे वय, ही मात्रा, हा ऋतू. अनोळखी औषध विषासारखं असतं, हा इशाराही त्याच्याच संहितेत आहे. सरकारने चरकाचं नाव घेतलं, त्याच्या चार प्रमाणांपैकी एक उचललं आणि तीन खाली ठेवली. ही परंपरेची बूज राखणं नव्हे. ही सोय झाली.

शिवाय आप्तवाक्य होतं ते वैद्यासाठी. वैद्य समोर होता, नाडी पाहत होता, काढा सोसला नाही तर बंद करत होता. आज वैद्य मधून गेला आणि त्याच्या जागी वेष्टन आलं. आयुर्वेदिक औषध विकायला विक्रीचा परवानाही लागत नाही. म्हणजे वैद्याचं सगळं काम त्या कागदाच्या चिठ्ठीवर येऊन पडलं.

तर त्या चिठ्ठीवर काय असतं? घटकांची यादी असते, परवान्याचा क्रमांक असतो, मुदत असते. अनुसूची ई(१) मध्ये विषारी द्रव्यांची यादी आहे. बिब्बा, गुंज, धोत्रा, बचनाग, पारा, हिंगूळ वगैरे. पोटात घ्यायच्या औषधात यांतलं काही असेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापावी लागते. कोणत्या भाषेत? नियम १६१ सांगतो, इंग्रजी आणि हिंदी. लांजा-राजापूरच्या एखाद्या वाडीतल्या आजीला बिब्बा पुरता ठाऊक आहे, पण बाटलीवर त्याचं शास्त्रीय नाव आणि परक्या भाषेतली सूचना असेल, तर तिला ती बाटली मुकीच. आणि गुळवेल या यादीत नाही, त्यामुळे ‘यकृताचा त्रास असेल तर विचारून घ्या’ हे या नियमाने कुठल्याच भाषेत छापावं लागत नाही.

दुसरी गोष्ट परदेशाची. २००४मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. १४मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. मग आपल्या सरकारने १ जानेवारी २००६पासून निव्वळ वनस्पतीजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची केली. कुणासाठी? निर्यातीसाठी. बॉस्टनच्या ग्राहकाचं यकृत आणि चिपळूणच्या ग्राहकाचं यकृत यांत कायद्याने फरक केला, असं म्हटलं तर तुम्ही मला अतिशयोक्तीचा दोष देऊ नका.

तिसरी गोष्ट जाहिरातीची. डिसेंबर २०१८मध्ये नियम १७० आला. राज्याच्या परवाना अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय अशा औषधांची जाहिरात करायची नाही. ऑगस्ट २०२३मध्ये मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की या नियमाखाली कारवाई करू नका. जुलै २०२४मध्ये नियमच वगळला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्याला स्थगिती दिली. पुढे ऑगस्ट २०२५मध्ये ते प्रकरण निकाली निघालं आणि स्थगितीही उठली. राखणदारच कुंपण काढू लागला, तर शेताने कुणाकडे बघायचं?

आणि परवाना देतं एक राज्य, माल विकला जातो सगळ्या देशात. ‘कोरोनिल’च्या वेळी आपण हे पाहिलं. परवाना उत्तराखंडचा. तिथल्या अधिकाऱ्यांनीच जून २०२०मध्ये सांगितलं की अर्ज रोगप्रतिकारशक्ती, खोकला आणि ताप यांसाठी होता. महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांना इथे विक्री होऊ देणार नाही असं जाहीर करावं लागलं. गृहमंत्र्यांना! औषधाचा प्रश्न पोलिसांच्या खात्यापर्यंत जातो, तेव्हा मधल्या पायऱ्या निखळलेल्या आहेत असं समजावं.

आता आक्षेप. पहिला: इंग्रजी औषधांनी माणसं दगावत नाहीत का? दगावतात. २०२२मध्ये गांबियात भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांमुळे मुलं दगावल्याचं प्रकरण जगभर गाजलं. पण शेजारच्या घराचं छप्पर गळतं म्हणून आपलं गळू द्यावं, हा युक्तिवाद होत नाही. दोन्हीकडे देखरेख हवी, एवढंच त्यातून निघतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कडक नियम आले की बडे टिकतील आणि आपल्या गावचा वैद्य, आगळ-आमसुलं करणाऱ्या बचत गटाच्या बायका मरतील. ही भीती खरी आहे. म्हणून नियमाचं वजन जोखमीप्रमाणे हवं. कोकमाचं सार हे अन्न आहे, पिढ्यान्‌पिढ्या आपण ते पितो. त्याच कोकमाच्या सालीतलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल वेगळं काढून, दाट करून, वजन घटवण्याची गोळी म्हणून विकलं, की ती वेगळी वस्तू झाली. साराची पुण्याई गोळीला लागू होत नाही. युरोपीय संघात पारंपरिक वनौषधींना ३० वर्षांच्या वापराच्या पुराव्यावर नोंदणी मिळते, पण वेष्टनावर स्पष्ट लिहावं लागतं की हा दावा केवळ दीर्घ वापरावर आधारलेला आहे. परंपरेचा मान राहतो आणि ग्राहकाशी खोटंही बोललं जात नाही.

आपल्याकडे एवढं केलं तरी पुष्कळ होईल. आधार ग्रंथाचा की चाचणीचा, ते वेष्टनावर लिहा. कुणी घेऊ नये, ते मराठीत लिहा. निर्यातीच्या मालाला लावलेली चाळणी घरच्या मालालाही लावा. छोट्या उत्पादकासाठी तपासणीचा खर्च सरकारने उचलावा, कारण ज्ञान ही सार्वजनिक गोष्ट आहे. आणि त्रास झाला तर कळवायला, २०१८पासून आयुष औषधांसाठी जी दुष्परिणाम-नोंद यंत्रणा आहे, तिचा पत्ता प्रत्येक बाटलीवर छापा.

विश्वास ही मोठी गोष्ट आहे. आपल्या लोकांचा या औषधांवर विश्वास आहे, म्हणून तर हा बाजार उभा आहे. पण ज्यावर विश्वास ठेवला, त्याने उत्तर द्यायला बांधील असलं पाहिजे. आप्त या शब्दाचा अर्थच तो आहे. जो विचारल्यावर उत्तर देत नाही, तो आप्त नव्हे, तो नुसता विक्रेता.

आता तुमचे प्रश्न घेऊ. वैद्य मंडळींपैकी कुणी असतील, तर त्यांनी आधी बोलावं.