निषिद्ध आडनाव आणि ‘रॉब रॉय’

सर वॉल्टर स्कॉट यांच्या ‘रॉब रॉय’ (१८१७) या कादंबरीवर एक आक्षेप घेतला जातो : जिच्या नावाने ग्रंथ ओळखला जातो, ती व्यक्ती पूर्वार्धात क्वचितच दिसते, दिसते तीही कॅम्पबेल नावाचा गुरांचा व्यापारी म्हणून. प्रस्तुत लेखकास हा दोष वाटत नाही. मॅक्ग्रेगर या आडनावाचा इतिहास ध्यानी घेतला, की या रचनेचे मर्म उलगडते.

गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे पुत्र. मॅक्ग्रेगर म्हणजे ग्रेगरचा वंशज. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रून येथे या कुळाने कहून कुळातील अनेकांना ठार केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्कॉटलंडच्या प्रिव्ही कौन्सिलने हे आडनावच रद्द केले. ते न सोडणाऱ्यास देहान्त शासन ठरले. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये ती पुन्हा आली आणि १७७४ मध्ये कायमची संपली. कथानक १७१५ च्या सुमाराचे, म्हणजे बंदीच्या काळातले आहे. प्रत्यक्षातील रॉब रॉयनेही आईचे कॅम्पबेल हे आडनाव घेतले होते.

जे नाव लावणे हाच गुन्हा, त्याचा धनी कथेत उसन्या नावानेच वावरणार. म्हणून तर स्वतःच्या डोंगरमुलखात ‘कॅम्पबेल’ हे संबोधन तो झिडकारतो, तो प्रसंग वाचकाला हलवून सोडतो.

उणीव आहे ती निराळी. बंदीचा इतिहास स्कॉट यांनी १८२९ च्या प्रस्तावनेत सविस्तर सांगितला. कथेत मात्र तिची झळ रॉब रॉय आणि त्याची पत्नी हेलन यांच्या रोषातूनच जाणवते. मुकाट्याने मुलांना परके आडनाव लावणारी साधी घरे तिथे भेटत नाहीत. त्या घरांची व्यथा कोणा कादंबरीकाराने लिहायला हवी होती.