अल्बममध्ये कोण नसतं?

पुस्तकांची परीक्षणं येतात, सिनेमांची येतात, आता तर वडापावच्या गाड्यांचीही येतात. लग्नाच्या अल्बमचं परीक्षण मात्र मी कुठे वाचलेलं नाही. खरं तर घरी पाहुणे आले की हमखास बाहेर निघायचं ते पुस्तक म्हणजे हाच अल्बम. मी लग्नांचे फोटो काढून पोट भरते, त्यामुळे माझ्याच धंद्याबद्दल थोडं लिहिते.

तुमच्या आजी-आजोबांचा अल्बम आठवा. जाड काळी पानं, मध्ये पातळ कागद. रोलमध्ये फोटो ३६, त्यामुळे प्रत्येक फोटो मोजून काढलेला. गौरीहर, अंतरपाट, सप्तपदी, कानपिळी, पंगत. रुखवताच्या टेबलाला एक फोटो ठरलेला. मग स्टेजवर आहेर देणाऱ्यांची रांग. फोटो म्हणून यातले बरेच कंटाळवाणे असायचे, पण कोण आलं होतं हे त्यात नीट दिसायचं.

नंतर करिझ्मा अल्बम आले. नवरा-नवरी ढगांवर, मागे ताजमहाल, कोपऱ्यात गुलाब. त्यांची आज भरपूर टिंगल होते. मला ते इतके वाईट वाटत नाहीत. ती कल्पना होती आणि ती कल्पनाच आहे हे लपवायचा प्रयत्न नव्हता.

माझी तक्रार आत्ताच्या फोटोंबद्दल आहे, म्हणजे माझ्यासकट सगळ्यांच्या. ८५ मिमीची लेन्स पूर्ण उघडली की मागचं सगळं विरघळतं. दोन चेहरे धारदार, बाकी सोनेरी ठिपके. त्या ठिपक्यांत नवरीच्या मागे उभा असलेला मामा असतो, दिवा धरून उभी असलेली करवली असते, ब्लाउज अजून शिवून आला नाही म्हणून सकाळी रडलेली आत्याही असते. आपलं लग्न दोनशे माणसांच्या गर्दीत लागतं आणि फोटो सांगतो की तिथे दोघंच होती. मागचं धूसर करणं ही नुसती स्टाइल नाही, ते एक मत आहे.

अंतरपाटाचंच बघा. सगळ्यांना तो खाली येतानाचा फोटो हवा असतो. मला त्याआधीची मिनिटं जास्त आवडतात. कुणीतरी मावशी स्वतः रचलेलं मंगलाष्टक मोबाइलवर बघून म्हणत असते, चाल घसरते, कडवी संपत नाहीत. कापड धरणाऱ्यांचे हात भरून येतात, कापड मध्ये झोळ खातं आणि त्या झोळावरून दोघं एकमेकांना बघून हसतात. मागच्या रांगेतल्यांच्या अक्षता पुढच्या रांगेतल्यांच्या डोक्यावर पडतात आणि टाकणारे जेवणाकडे वळलेलेही असतात. हे सगळं दिसायला मागचं धारदार लागतं.

पण खरा प्रश्न हळदीचा आहे. हळद लावायला सवाष्णी बोलावतात. नवरीची आई विधवा असेल तर ती दारात उभी राहते, कन्यादानाला काका-काकू बसतात. आम्हा फोटोग्राफरांकडे ‘घ्यायच्याच’ फोटोंची यादी असते. ती यादी विधींवरून बनलेली, म्हणून विधीने जिला बाहेर ठेवलं तिला यादीही बाहेर ठेवते. कुणी मुद्दाम करत नाही, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

एका हळदीला अशीच एक आई स्वयंपाकघराच्या दारात होती. मी तिचे हात पाहिले. बोटं पिवळीधमक. हळद कालवली होती तिनेच. मुलीला लागायच्या आधी ती तिच्या हाताला लागली होती. मी फक्त हातांचा फोटो काढला. चेहऱ्यावर कॅमेरा रोखला असता तर तिच्या बाजूला ठेवलं जाण्याचाच देखावा झाला असता.

हा फोटोग्राफरचा प्रांत नाही, असं कुणी म्हणेल. लोक आनंदाच्या आठवणींचे पैसे देतात, हे खरं आहे. पण विधी काही दगडावर कोरलेले नाहीत. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी भटजीशिवाय लग्नं लावली, वधूवरांनी एकमेकांना उद्देशून म्हणायची मंगलाष्टकं लिहिली. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. आम्हाला तर ठरावही नको, लेन्स थोडी वळवली तरी पुरे.

तुमच्या फोनमध्ये एखाद्या लग्नाची गॅलरी असेलच. ती पुन्हा बघा, यावेळी कडांवरून. अर्धी कापली गेलेली कोण आहे, धूसर कोण आहे, दिवसभर राबूनही एकाही फोटोत नसलेली कोण आहे. आणि ती अजून असेल तर तिला विचारा, त्या दिवशी तू कुठे उभी होतीस?